जेऊरच्या मावशींची पांढरी बशी

जेऊरच्या मावशी घरात आल्या की आधी माणसांकडे बघत नसत, तोटीकडे बघत. चपला दाराबाहेर, पिशवी खुंटीला, पदर कमरेला आणि थेट ओट्यापाशी. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग पडलेला असला तरी त्याला हात न लावता त्या नळाच्या तोंडाशी कान न्यायच्या. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तशा. तेवढ्यात कुणी बोललं तर मागे न बघता डावा हात वर करून गप्प करायच्या. मग सरळ होऊन सांगायच्या, "आज न्हाय यायचं पानी." किंवा, "लाइनीत वारं धरलंय. तासाभरात येतंय." कधीकधी मात्र काहीच सांगायच्या नाहीत. तोटीवरून नुसता हात फिरवायच्या आणि भांड्यांना लागायच्या. त्या दिवशी माझं कशात लक्ष लागत नसे.

आमचा फ्लॅट जुळे सोलापुरात, तळमजल्याला. माझं माहेर मोडनिंब. वडील बाजारात पोती उचलायचे, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., केमिस्ट्री. हायस्कूलला सायन्स शिकवते. हे मी अभिमानानं सांगते आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. फ्लॅट घेतला तेव्हा हौसेनं ओट्यावर हंसाच्या मानेसारख्या वळलेल्या दोन चकचकीत तोट्या बसवल्या. एक टाकीची, म्हणजे बोअरच्या पाण्याची. दुसरी नळाची, थेट रस्त्याखालच्या लाइनीवरची. बोअरचं पाणी भांड्यांना, नळाचं प्यायला. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा, दोन-अडीच तास. सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको.

मावशींना मी ठेवलं होतं धुण्याभांड्यांना. तोट्या साफ करा असं मी कधी सांगितलं नव्हतं. पण बोअरच्या पाण्याच्या शिंतोड्यांनी सहा महिन्यांत दोन्ही तोट्यांवर पांढरे थर चढले. मला ते बघवेना, म्हणून एका रविवारी मी बाथरूममधलं ॲसिड आणून एकीवर ओतलं. थर गेला आणि त्याच्याबरोबर चकाकीही गेली. मानेवर काळपट चट्टे उठले. सोमवारी मावशींनी ते बघितलं आणि जिवंत माणसाला भाजल्यासारखा तोंडाला पदर लावला.

"कातडं सोललं की वो ताई हिचं!"

"थर निघत नव्हता, मावशी."

"निगंना म्हनून जाळायचं व्हय?"

मग त्यांनी कोमट पाण्यात चिंच भिजवली, तिचा कोळ दुसऱ्या तोटीला फासला आणि जुन्या सुती साडीची पट्टी तिच्या मानेभोवती गुंडाळून ठेवली. अर्ध्या तासानं पट्टी सोडली, मऊ फडक्यानं पुसलं. तोटी नव्यासारखी. मी त्यांना समजावून सांगितलं की हा क्षार म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि चिंचेत टार्टारिक ॲसिड असतं, ते सौम्य असतं, म्हणून धातूला न दुखवता क्षार विरघळवतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "असंल. आमी चिंचच म्हनतो."

त्यांचे मालक, म्हणजे यजमान, सोलापुरात नळाची कामं करायचे. त्यांच्याबरोबर सामान धरायला जाता जाता मावशी सगळं शिकल्या होत्या. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण पिशवीत अजून फडक्यात गुंडाळलेला एक पाना असायचा, जुना टूथब्रश असायचा, पांढऱ्या टेपचं रिळ असायचं आणि दोन-चार वायसर. तोटी ठिबकायला लागली तर प्लंबरची वाट बघायची गरज नव्हती. सिंकखालचा कॉक बंद करायच्या, तोटी खोलायच्या, जुनं वायसर बोटानं दाबून बघायच्या. "ह्ये मेलं," म्हणायच्या आणि नवं घालायच्या. आमचे हे तोटी बंद करताना जोर लावायचे, त्यावरून त्यांना एकदा तोंडावर बोलणी बसली होती. "सायब, पानी थांबलं की हात थांबवावा. गळा आवळला की ती रडतच बसनार." त्यानंतर आमचे हे दोन बोटांनी तोटी बंद करायला लागले.

पिशवीतली आणखी एक वस्तू म्हणजे बशी. पांढरी, चिनी मातीची, काठाला टवका उडालेली. कप केव्हाच फुटलेला. ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी त्या आमच्या ओळीतल्या पाचही घरांत ही बशी काढायच्या. नळाच्या तोटीच्या टोकाला बारीक जाळी असते. फडकं धरून, चकाकीला ओरखडा न पाडता ती फिरवून काढायच्या आणि बशीवर उलटी ठोकायच्या. मग बशी खिडकीच्या उजेडात धरून बघत उभ्या राहायच्या. वाळूचे कण असले तर "चालतंय." तांबूस असलं तर "पायपाचा गंज हाय, पैलं बादलीभर जाऊ द्या." मग ब्रशनं जाळी घासून, लिंबाच्या पाण्यात बुडवून पुन्हा बसवायच्या. पाचव्या घरची बशी होईपर्यंत त्यांना अख्ख्या ओळीची खबर असायची.

मी एकदा विचारलं, "आणि काळं आलं तर?"

"तवा सांगीन," त्या म्हणाल्या आणि बशी धुवायला लागल्या. हसल्या नाहीत.

त्यांचा आणि माझा खरा वाद होता तो शिळ्या पाण्यावरून. पाणी आलं की घरातलं होतं नव्हतं ते सगळं ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं, हे आमच्याकडे लहानपणापासून. माठातलं झाडाला, कळशीतलं अंगणात. पाणी आलंय आणि तुम्ही कालचं पिताय म्हटल्यावर लोक हसायचे. मीही शिकूनसवरून तेच करत आले. मावशींना ते बघवायचं नाही.

"पान्याला काय शिळं व्हतंय ताई? ते काय भाकर हाय व्हय? चार दिस पिऊन बघितल्यालं पानी हाय ह्ये. कुनाला काय झालं न्हाय. नव्याची वळख तर पटू द्या आदी."

"वळख म्हणजे?"

"बशीत बघितल्याबिगर जुनं वतायचं न्हाय. एवडंच."

मी हसून सोडून द्यायचे. काम आटपलं की त्या जाता जाता पाणी प्यायच्या. नळाला असेल तर तोटीखाली ओंजळ धरून, नसेल तर ओट्याखालच्या वापरायच्या पिंपातून तांब्याभर. तोंड पुसायच्या आणि निघायच्या. तेही एक ठरलेलंच होतं. त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला तीन वर्षांत वाटलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या ओळीसमोरचा रस्ता खोदला. कसल्या तरी केबलसाठी, असं म्हणाले. चर खणला, माती आमच्या फाटकाला टेकली आणि माणसं निघून गेली. चरात खाली आमची पाण्याची लाइन उघडी पडली होती. शेजारून गटार जात होतं, त्याची भिंत खणताना ढासळली होती आणि काळं पाणी चरात उतरून लाइनीभोवती थांबलं होतं. वास यायचा. आम्ही खिडक्या लावून घेतल्या.

त्याच सुमाराला माझी धाकटी बहीण स्वाती आमच्याकडे आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण मोडनिंबपेक्षा सोलापूरला दवाखाने जवळ, म्हणून आईच तिला घेऊन माझ्याकडे राहायला आली. सातवा महिना होता. मावशींनी तिला पहिल्यांदा बघितलं आणि हात पुसत पुसत जवळ येऊन, काही न विचारता, अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली.

आई चरकली. "ए बाई, काय करताय? लेकराला दिष्ट लागंल."

"दिष्ट न्हाय लावत आक्का. पांढरं हाय का बघती."

"डोळं पांढरंच असत्यात की!"

मावशी पुन्हा ओट्याकडे वळल्या. पण त्या दिवसापासून तोटीला कान लावून झाला की स्वातीची पापणी, हा क्रम ठरला. स्वातीला गंमत वाटायची. मावशी आल्या की ती आपण होऊन तोंड पुढे करायची. आईला ते अजिबात आवडत नव्हतं. "ही बाई काय चांगलं मनात आनत न्हाय," ती मला म्हणायची.

मग एके दिवशी मावशींनी मला हाक मारली. पाणी यायचा दिवस नव्हता. नळाची तोटी त्यांनी पूर्ण उघडी ठेवली होती. दुधाच्या पिशवीचा एक तुकडा ओला करून त्यांनी तोटीच्या तोंडाजवळ नेला. तुकडा त्यांच्या हातातून सुटला आणि तोंडाला चिकटला. खाली पडेना. आतून बारीक, लांबलचक आवाज येत होता, झोपलेल्या माणसानं श्वास आत घ्यावा तसा. मावशींनी हात बाजूला केला तरी तुकडा तिथंच, मध्ये थोडा आत ओढलेला.

"वढतीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "देत न्हाय, वढतीय."

मी म्हटलं, "पुढं कुणीतरी लाइनीलाच मोटर लावलेली असणार. लाइनीत पाणी नसताना मोटर चालली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो."

"म्हंजी कुटं फट असंल तर?"

"तर बाहेरचं आत ओढलं जाणार." वर्गात हात वर केलेल्या पोरीला द्यावं तसं मी उत्तर दिलं.

"आन भाईर काय हाय?"

मी खिडकीकडे बघितलं. फटीतून वास येतच होता.

अंगावर काटा आला, हे खरं. पण तेवढ्यावरच राहिलं. शिकलेल्या माणसाला एक सवय लागते. उत्तर माहीत असलं की काम झालं असं वाटतं. मी मनात म्हटलं, क्लोरीन टाकतातच की पाण्यात. मावशी पुढचे चार दिवस रोज काहीतरी सांगत होत्या. कोपऱ्यावरच्या घरी पाणी नसतानाही जाळीवर चिकट आलं. त्याच्या पलीकडच्या घरी बशीला वास आला. मी "हो का?" म्हणत होते आणि दहावीचे पेपर तपासत होते.

पाणी आलं ते सकाळी सातला. आई पाचपासून जागी. पाणी यायच्या आधीच तिनं माठ तुळशीत रिकामा केला, दोन्ही कळश्या कढीपत्त्याला घातल्या आणि घासून पुसून तोटीखाली आणून ठेवल्या. गरोदर पोरीला पाच दिवसांचं शिळं पाणी म्हणजे तिच्या दृष्टीनं पापच. पण तोटीतून धार यायची ती करंगळीएवढी. जाळी तुंबली होती. असंच चाललं तर माठ भरायच्या आत पाणी जाईल, म्हणून मीच जाळी फिरवून काढली आणि ओट्यावर ठेवली. धार मोठी झाली. आई खूश झाली. माठ भरला, कळश्या भरल्या, पिंप भरलं.

नऊला मावशी आल्या. ओट्याजवळ येऊन थांबल्या.

"जाळी कुनी काडली?"

"मी. धार येत नव्हती."

त्यांनी ओट्यावरची जाळी उचलली, उजेडात धरली आणि नाकाशी नेली. मग ती तोटीला बसवली, मिनिटभर पाणी जाऊ दिलं, पुन्हा काढली आणि बशीवर ठोकली. बशीच्या मधोमध काळा, चिकट गोळा पडला. त्यांनी बोटानं तो पसरला. त्यातून केसासारखं काहीतरी लांब होत गेलं. वास मला दोन हातांवरून आला, आणि तो मला ओळखीचा होता. खिडकी लावूनही जो येत होता, तोच.

मी अजून तो वास घेत होते तोवर मावशी बाहेरच्या खोलीत गेल्याही होत्या. स्वाती पलंगावर बसली होती आणि तिच्या हातात भरलेला पेला होता. मावशींनी पेला काढून घेतला. "प्यालीस?"

"नाही अजून."

"कवाधरनं भरलाय?"

"आत्ताच आईनं दिला."

मावशी परत आल्या आणि त्यांनी भरलेला माठ दोन्ही हातांनी कलंडून सिंकमध्ये ओतला. मग एक कळशी. मग दुसरी.

"अगं ए बया!" आई धावली. "पाच दिसाचं पानी वतलंस? कशानं जगायचं पोरीनं? तुज्या बापानं भरून ठिवलंय का?"

"वतनार, आक्का. ह्येबी वतनार."

नळ गेला होता. शेवटचे थेंब तोटीतून टपटपत होते. वापरायचं पिंप सोडलं तर घरात प्यायला थेंब उरला नव्हता, पाच दिवस येणार नव्हता आणि पलंगावर सातव्या महिन्यातली पोर. मला राग आला. खरं सांगायचं तर राग मावशींचा नव्हता. जे मला चार दिवसांपासून माहीत होतं ते एका भांडीवालीनं माझ्या आईसमोर करून दाखवलं, त्याचा होता. मी म्हटलं, "मावशी, मी सायन्स शिकवते. मला कळतं पाण्यातलं. तुमचं काम भांडी घासायचं आहे."

 स्वाती दारात येऊन उभी राहिली.

"व्हय ताई," मावशी म्हणाल्या. रिकामी कळशी पालथी घातली. मग पाठ आमच्याकडेच ठेवून बोलल्या, पण मला नाही, आईला. "आक्का, माजी लेक सुमी सातव्याच म्हैन्यात व्हती. हितंच, सोलापुरात, आमच्या भाड्याच्या खोलीत. पानी जरा गढूळ आलं. मालक म्हनले, उद्या बघतो कुटं फुटलंय त्ये. तवर म्या फडक्यानं गाळून तिला दिलं. ताजं हाय म्हनून. आदलं हुतं त्ये वतून. म्हैन्यानं तिचं डोळं हळदीवानी झालं. ती आन पोटातलं, दोगं बी गेली. मालक नळवालं, आन उद्या बघतो म्हनले."

त्या थांबल्या. तोटी ठिबकत होती. त्यांनी हात लांब करून दोन बोटांनी ती बंद केली.

"फडकं पांढरंच हुतं वो. त्यावर काय आलं हिकडं लक्षच न्हाय गेलं कुनाचं."

आई खाली बसली.  मग उठली, मोठं पातेलं शोधून काढलं आणि मला म्हणाली, "जा, जारचं पानी घिऊन ये. म्या उकळती." मावशींकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "किती येळ उकळू?"

"नुस्तं बुडबुडं न्हाय. उसळाय पायजे. आन वीस मिन्टं."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पाणी झाली. जारचं, उकळून, झाकणाच्या पातेल्यातलं, ते स्वातीचं आणि आमचं. ओट्याखालच्या पिंपातलं नळाचं, ते वापरायचं. मी ओळीतल्या घराघरांत जाऊन सांगितलं, महापालिकेत तक्रार लिहून दिली. बघतो म्हणाले. काही घरांनी उकळायला सुरुवात केली, काहींनी "टीचर फार घाबरतात" म्हटलं. मावशी रोज पातेल्याचं झाकण उघडून बघायच्या, स्वातीची पापणी ओढायच्या आणि स्वतःशीच मान हलवायच्या. "पांढरं हाय."

एका दुपारी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरातून चालले होते. मावशींचं काम आटपलं होतं. ओट्यापाशी वाकून त्यांनी पिंपात तांब्या बुडवला, उभ्याउभ्या प्यायल्या, तोंड पुसलं. हे मी बघितलं. नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं, की बघितलं नव्हतं असं म्हणता येईल का. नाही म्हणता येत. मी बघितलं आणि वह्या घेऊन पुढे गेले. पातेलं त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. ते घे असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, आणि न सांगता त्या घेणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्यांचं पाणी बघणाऱ्या त्यांनी स्वतःच्या तांब्याचा विचार कधी केला नव्हता.

महिनाभरानं ओळीत कावीळ आली. आधी कोपऱ्यावरच्या घरी, मग त्याच्या पलीकडे, मग समोर. दवाखान्यात जाणाऱ्या रिक्षा दिसायला लागल्या. आईनं स्वातीला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तिचे डोळे स्वच्छ होते. मावशींनी तिची पापणी बघणं चार दिवसांपासून थांबवलं होतं. लांबूनच, दारातून विचारायच्या, "बरी हाईस न्हवं?" मला वाटलं, त्यांची खात्री पटली असेल.

पाचव्या दिवशी त्या आल्या आणि त्यांनी तोटीला कान लावला नाही.

हे माझ्या आधी आईच्या लक्षात आलं. तिनं मला खुणावलं. मावशी सरळ भांड्यांना लागल्या होत्या. एक कढई त्यांच्या हातातून निसटली, ती उचलायला वाकल्या आणि तिथंच फरशीवर बसल्या. मी जाऊन त्यांचा चेहरा खिडकीकडे वळवला. अंगठ्यानं पापणी खाली ओढली.

"मावशी, ह्ये काय झालं वो?" माझ्या तोंडून मोडनिंबची भाषा आली.

"दिसलं व्हय?" त्या ओशाळून म्हणाल्या. "चार दिस झालं. म्हनून तर पोरीला शिवले न्हाय."

"तुम्ही कुठलं पाणी पीत होता?"

हा प्रश्न विचारायचा मला काही अधिकार नव्हता. उत्तर मला माहीत होतं.

"तुमच्याच हितलं की," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं.

आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि वय विचारलं. चार दिवस दवाखान्यात ठेवलं, पण मावशींचं एकच चाललं होतं, जेऊरला मुलाकडे पोचवा. मुलगा येऊन घेऊन गेला. जाताना पिशवीतून बशी काढून माझ्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या हितंच. पोरगी रिकामी हुईस्तवर पानी आलं की बघा. ताई, जाळी काडून ठिवू नगा."

मी कधी काढून ठेवली नाही. स्वातीला मुलगी झाली. चांगली साडेसहा पौंडांची, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. बारसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी पेढे घेऊन जेऊरची गाडी पकडली.

मुलाचं घर स्टेशनापासून जवळ, रानाच्या कडेला होतं. मावशी बाजेवर होत्या. मी त्यांना आधी ओळखलं नाही. हात काड्यांसारखे, पोट फुगलेलं आणि कातडीचा रंग मला इथं लिहवत नाही. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"पोरगी?"

"मुलगी झाली, मावशी. दोघी चांगल्या आहेत."

"डोळं?"

"पांढरे. दोघींचेही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. तेवढ्यात आतून सून तांब्या घेऊन आली, रीतीप्रमाणे, पाहुण्याला पाणी. मावशींनी डोळे उघडले आणि त्या अवस्थेतही डावा हात वर करून तिला थांबवलं.

"त्ये नगं. ताई सोलापूरनं आल्यात. उकळल्यालं दे त्यास्नी. झाकनाचं."

सून आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. मी तो हातात धरून बसले. तीन वर्षं ह्या बाईनं माझ्या ओट्याशी उभं राहून पाणी प्यायलं. मी एकदाही पेला भरून दिला नव्हता.

"प्या की," मावशी म्हणाल्या. "उकळल्यालं हाय."

मी प्याले. कोमट होतं.

महिना संपायच्या आत मुलाचा फोन आला. मावशी गेल्या होत्या.

रस्त्यावरचा चर आता बुजवलाय. वरून डांबर टाकलंय, खाली काय आहे ते कुणी बघितलेलं नाही. पाणी नसलेल्या दिवशी मी तोटी उघडते आणि कान लावते. अजूनही मधूनच ती ओढते. काल पाणी आलं. जाळी काढून बशीवर ठोकली. काठाला थोडं काळं होतं, तीळभर. मी जुनं पाणी झाकून ठेवलं आणि ओळीतल्या बाकी चारही घरांच्या बेल वाजवून आले. या वेळी कुणी हसलं नाही.

भांड्यांना आता दुसऱ्या बाई येतात. पहिल्याच दिवशी काम आटपल्यावर त्या पिंपाजवळ वाकल्या, तेव्हा मी ओरडलेच. त्या दचकल्या. मी त्यांना झाकणाचं पातेलं दाखवलं. त्या संकोचून म्हणाल्या, "ते तुमच्यासाठी असंल की, ताई."

मी पेला काढला, भरला, त्यांच्या हातात दिला. आणि त्या पिऊन संपवेपर्यंत ओट्यापाशीच उभी राहिले.